हीटर प्लगच्या भोकातून

डिझेल गाडी सकाळी सुरू व्हायला कुरकुर करायला लागली आणि सुरू झाल्यावर दोन-तीन मिनिटं पांढरा धूर ओकू लागली, की गॅरेजमध्ये निदान व्हायला वेळ लागत नाही: ‘कॉम्प्रेशन गेलंय, हाफ इंजिन करावं लागेल.’ म्हणजे हेड उतरवायचं, ऑइलचा चेंबर खोलायचा, पिस्टन, रिंगा आणि बेअरिंगं नवी घालायची. निदान पुष्कळदा बरोबरही असतं. पण चारांपैकी दोन हीटर प्लग मेले तरी हीच लक्षणं दिसतात, आणि नोझल नीट फवारा मारत नसली तरीही दिसतात. तिन्हींच्या खर्चात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. जुनं डिझेल इंजिन बांधायचं का, आणि बांधायचं तर कुठवर, हे कानाने किंवा धुराच्या रंगावरून न ठरवता मापाने ठरवावं, असं माझं म्हणणं आहे. अडचण एवढीच, की ते माप घ्यायची वाट अनेक इंजिनांत हीटर प्लगच्याच भोकातून जाते. करंगळीएवढा तो प्लग अख्खा बाहेर येतो की तुटतो, यावर पुढचं बरंच काही ठरतं.

१८९७ साली जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये रुडॉल्फ डिझेलचं इंजिन समाधानकारक चाललं, त्यामागचं तत्त्व आजही तेच आहे. पेट्रोल इंजिनासारखी ठिणगी इथे नाही. हवा इतकी दाबायची की ती प्रचंड तापावी, आणि त्या हवेत डिझेल फवारायचं. बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, मर्सिडीजकडून परवाना घेऊन बनवलेलं २.४ लिटरचं ‘ओएम ६१६’ घराण्यातलं इंजिन ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलरमधून अख्ख्या महाराष्ट्रात पोचलं. वडापवाल्यांना ते तोंडपाठ आहे. मूळ मर्सिडीज इंजिनात हवा २१ पट दाबली जाते. वीस अंशांची हवा तेवढी दाबली तर कागदावरच्या हिशेबाने ती सातशे अंशांच्या पुढे जायला हवी. प्रत्यक्षात सिलिंडरच्या भिंती गार असतात, स्टार्टरवर क्रँक संथ फिरते, रिंगांच्या फटीतून थोडी हवा निसटते, आणि तापमान त्याच्या पुष्कळ खाली राहतं. शिवाय या जातीच्या इंजिनात डिझेल थेट सिलिंडरमध्ये न जाता हेडमधल्या एका छोट्या कोठडीत फवारलं जातं. त्या कोठडीच्या भिंती उष्णता पिऊन टाकतात. म्हणून तिथे हीटर प्लगचं टोक काही सेकंदांत आठशे-नऊशे अंशांवर नेऊन डिझेलला पेट घ्यायला जागा करून द्यावी लागते. ‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, हीटर नसला तरी चालतं’ हे वाक्य कॉमन रेल इंजिनाला बरंचसं लागू पडतं, कारण तिथे फवारा थेट पिस्टनच्या वाटीत पडतो. कोठडीवाल्या इंजिनाला नाशिकची डिसेंबरातली पहाटही पुरेशी गार असते.

आता मापाकडे. प्लग मेलाय का हे कळायला तो काढावा लागत नाही; वायर सुटी करून मल्टिमीटर लावला की जिवंत प्लग साधारण एका ओहमच्या आतबाहेर दाखवतो, मेलेला काहीच दाखवत नाही. चारही प्लग जिवंत निघाले तर संशय कॉम्प्रेशनवर. मग सगळे प्लग काढायचे, डिझेलचा पुरवठा तोडायचा, एकेका भोकात अडॅप्टर घालून गेज लावायचं आणि स्टार्टर मारायचा. ओएम ६१६ साठी मर्सिडीजचे आकडे असे: चांगल्या इंजिनात २२ ते २४ बार, १५ च्या आसपास आलं की हद्द झाली, आणि चार सिलिंडरांत ३ बारहून जास्त तफावत नको. चौघेही १९ दाखवत असतील तर इंजिन थकलंय, पण मेलेलं नाही. तिघं २२ आणि एक १३ असेल तर दोष त्या एकातच आहे, आणि तो रिंगांचाच असेल असंही नाही. त्याच भोकातून पिस्टन वर असताना दाबाची हवा सोडली की इंजिन स्वतःच सांगतं: एअर फिल्टरकडे फुसफुस ऐकू आली तर आतला व्हॉल्व्ह, सायलेन्सरकडे आली तर बाहेरचा, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर गॅस्केट किंवा तडा गेलेलं हेड. फक्त व्हॉल्व्ह बसत नसेल तर हेडच्या कामात गाडी मार्गी लागते. पिस्टनांना हात लावायची गरज नसते. हे सगळं तास-दोन तासांत कळतं, आणि तरीही हाफ इंजिनचा अंदाज बहुतेक वेळा त्याआधीच सांगून झालेला असतो.

मग गेज का लावलं जात नाही? एक कारण उघड आहे: प्लग काढताना तुटण्याची धास्ती. ती खोटी नाही. प्लगचा गरम दांडा हेडमधल्या अरुंद बोगद्यातून खाली उतरतो आणि त्याच्या अंगावरची तिरकी कड खालच्या बैठकीवर दाबून बसते. ही बैठक जराशी सुटली, किंवा प्लग आधी कमी-जास्त आवळला गेला, की जळता वायू वर चढतो आणि दांड्याभोवतीच्या फटीत काजळी ठासून भरतो. वरून पाणी-धूळ जाऊन आट्यांना गंज धरतो तो वेगळाच. हेड ॲल्युमिनियमचं असेल तर पोलादी आटे त्यात आणखी घट्ट धरतात. त्यात नव्या इंजिनांत एका सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आल्यामुळे प्लगला जागा उरली नाही. जुना १२ मिमीचा प्लग १० आणि ८ मिमीवर आला. प्लग बनवणाऱ्यांनीच मोडण्याची मर्यादा सांगितली आहे: ८ मिमीला सुमारे २०, १० मिमीला ३५, १२ मिमीला ४५ न्यूटन-मीटर. पाव मीटर लांब पान्याच्या टोकाला आठ किलोचा जोर म्हणजे २० न्यूटन-मीटर. एवढा जोर मेकॅनिक एका मनगटाने, बोलता बोलता लावतो. पान्याला नळी चढवली की विषयच संपला.

इथे ‘हाताचा अंदाज’ ही हरकत येते. अनुभवी मिस्त्रीच्या हाताला नट कधी सुटतो आणि कधी पिळतो हे कळतं, हे मी नाकारत नाही. मोठ्या बोल्टला ते नक्की कळतं. पण आठ मिमीच्या पोकळ नळीला पीळ बसतानाही ‘सुटतोय’ असंच वाटतं, आणि पुढच्या क्षणी षटकोनी डोकं सॉकेटमध्ये हातात येतं. म्हणून मर्यादेच्या खाली लावलेला टॉर्क रेंच हवा. तेवढ्याने सुटला नाही तर थांबायचं. आट्यांवर भेदक तेल सोडून रात्रभर ठेवायचं, इंजिन चालवून पूर्ण गरम करायचं, प्लग जिवंत असेल तर त्यालाच काही मिनिटं वीज देऊन आतली काजळी सैल करायची, आणि मग पाव फेरी मागे, थोडी पुढे, असं खेळवत काढायचं. कॉमन रेलमधले अनेक प्लग १२ नव्हे तर ५-७ व्होल्टवर चालतात. त्यांना थेट बॅटरी लावली तर टोक जळून जातं, एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

एवढं करूनही तुटला, तर तुटण्याचे प्रकार सारखे नसतात. नुसतं डोकं उडालं आणि आटे आत राहिले, तर मधला विजेचा खिळा ओढून काढून पोकळ अंगात ड्रिल घालता येतं. आटे निघाले पण तापणारा दांडा काजळीत रुतून राहिला, तर त्यात आतून आटे पाडून ओढण्याच्या हातोड्याने खेचावा लागतो. दोन्ही कामं हेड न उतरवता होतात, तशी हत्यारंही मिळतात. धोका दोन ठिकाणी आहे. प्लग पोलादाचा आणि भोवतीचं हेड ॲल्युमिनियमचं असेल, तर हाताने धरलेलं ड्रिल कडक भागावरून घसरून मऊ भागात शिरतं आणि पाण्याच्या वाटेपर्यंत पोचतं. ड्रिलला सरळ ठेवणारं बुश भोकात बसवल्याशिवाय सुरुवातच करू नये. दुसरं, टोकाचा तुकडा किंवा चुरा खाली पिस्टनवर पडला तर सुरू होताच तो पिस्टन आणि व्हॉल्व्ह दोन्ही फोडू शकतो. ड्रिलला ग्रीस फासून चुरा धरता येतो, पण टोक पडलंय का याची खात्री कॅमेरा घालूनच होते. माझ्या मते इंजिन तसंही बांधायला काढलं असेल तर हेड लावलेलं ठेवून हे धाडस करण्यात काही अर्थ नाही. हेड टेबलावर आलं की प्लग खालून दिसतो, खालूनही ठोकता येतो, आणि अगदीच हट्टी निघाला तर साचे बनवणाऱ्यांच्या ‘स्पार्क’ मशीनवर विजेच्या ठिणग्यांनी पोलाद खाऊन टाकता येतं. भोसरीसारख्या औद्योगिक वसाहतीत अशी कामं करणारी वर्कशॉपं मिळतात. मात्र हेड उतरवायच्या आधी जमतील तेवढ्या भोकांतून गेज लावून आकडे लिहून ठेवावेत. एकदा हेड सुटलं की ते मिळत नाहीत.

हेड उतरल्यावर मापाची गरज संपत नाही, उलट वाढते. बोअर वरच्या रिंगेच्या टप्प्यापाशी सगळ्यात जास्त झिजतो, म्हणून तिथे आणि तळाशी, उभं आणि आडवं अशी मापं घेतल्याशिवाय नुसत्या नव्या रिंगा घालणं म्हणजे लंबगोल भांड्यावर गोल झाकण बसवणं. झीज मर्यादेबाहेर असेल तर पाव किंवा अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइझ पिस्टन, नाहीतर नवी स्लीव्ह. पण डिझेलमधली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे पिस्टन ब्लॉकच्या वर किती डोकावतो ती. फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट घ्या, स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत अनेक गाड्यांत बसलेलं. बोअर ६९.६ मिमी, स्ट्रोक ८२ मिमी. दाबाचं प्रमाण साडेसतराच्या आसपास धरलं, तर पिस्टन वर आल्यावर हवेला जेमतेम १९ घनसेंटिमीटर जागा उरते. गॅस्केट एक दशांश मिलिमीटर जाड बसलं की त्यात ०.३८ घनसेंटिमीटरची भर पडते आणि प्रमाण साडेसतरावरून सव्वासतराच्या खाली उतरतं. पातळ बसलं तर पिस्टन हेडला किंवा व्हॉल्व्हला टेकायची भीती. म्हणूनच अनेक डिझेल इंजिनांची गॅस्केटं वेगवेगळ्या जाडीत येतात आणि ती कडेच्या खाचांवरून किंवा भोकांवरून ओळखायची असतात. दुकानदाराने ‘हेच लागतं’ म्हणून दिलेलं गॅस्केट घेण्यापेक्षा डायल गेजने डोकावणं मोजावं, आणि जुन्या गॅस्केटवरच्या खाचा फेकून देण्याआधी बघाव्यात.

‘गाडी उभी राहिली की रोजचा धंदा बुडतो, मोजत बसायला वेळ कोणाला?’ ही हरकत खरी पोटातून आलेली आहे, आणि तिच्यामुळेच पुष्कळजण कुर्ल्याच्या भंगार बाजारातून जुनं इंजिन आणून चढवतात. हिशेब अगदीच चुकीचा नाही. हेडला व्हॉल्व्हांमध्ये तडे असतील, क्रँक शेवटच्या अंडरसाइझलाही पुरत नसेल, तर आपलं इंजिन बांधण्यापेक्षा दुसरं घेणं शहाणपणाचं ठरतं. पण जमिनीवर पडलेलं इंजिन म्हणजे न मोजलेलं इंजिन. त्याला बॅटरी जोडून स्टार्टर मारू द्यायला विक्रेता तयार असेल तर एक प्लग काढून गेज लावून बघता येतं. नसेल तर किमान टॉर्चने चारही हीटर प्लग बघून घ्यावेत. डोकं उडालेला किंवा घासून सपाट केलेला प्लग दिसला, तर हेडच्या कामाचा खर्च वजा करूनच भावाची बोलणी सुरू करावीत.