पुण्यात फ्लॅट बघताय? जरा थांबा!
हॉस्टेल सोडून नोकरीसाठी पुण्याला निघालात? मग मित्रांनो, नुसते फोटो बघून कोणाला टोकन देऊ नका. हिंजवडीकडे फ्लॅट बघायचा तर एकदा दिवसा आणि एकदा रात्री चक्कर मारा. पाणी नळाचं की टँकरचं, हे वॉचमनला विचारा. मालक खरा कोण, ते इंडेक्स-२ वर बघा.

एजंट म्हणेल, "अकरा महिन्यांचाच करार, नोंदणी कशाला?" ऐकू नका! महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. ती जबाबदारी मालकाची. डिपॉझिटची रक्कम आणि परतीची मुदत त्यातच लिहून घ्या. उद्या घरच्यांनी दिलेले पैसे अडकले, तर तोंडी शब्द नाही, हा कागदच कामी येतो.