चक्रीय इंजिनाचा उच्छ्वास

स्वहस्ते विमान बांधावे आणि त्यातून स्वतःच आकाशसंचार करावा, या छंदाला अमेरिकेत चांगलीच प्रतिष्ठा लाभलेली असून, अशा हौशी कारागिरांची एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन ही संस्था तेथे 1953 पासून नांदत आहे. या मंडळींपैकी काही धाडशी जनांनी विमानाच्या रूढ इंजिनास रजा देऊन त्याच्या जागी माझदा मोटारीतील वँकेल पद्धतीचे चक्रीय इंजिन बसविले. आणि शक्ती, वजन, पंखा यांचा निकाल लागल्यावर ज्या एका क्षुल्लक दिसणाऱ्या वस्तूपाशी त्यांना थबकावे लागले, ती म्हणजे इंजिनातील तेलट वाफ बाहेर सोडणारी ब्रीदरची नळी होय.

या इंजिनात वरखाली धावणारे दट्ट्ये नाहीत की झडपा नाहीत. लंबवर्तुळासारख्या पण कमरेशी किंचित आवळलेल्या कोठीत फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर फिरतो, आणि मुख्य दंडाच्या तीन फेऱ्या होतात तेव्हा त्याची एक पुरी होते. '13बी' नावाच्या प्रसिद्ध इंजिनात 654 घनसेंटिमीटरच्या अशा दोन कोठ्या असतात. रोटर थंड राहावा म्हणून त्याच्या पोकळ अंतर्भागात तेल खेळविलेले असते, आणि ज्वलनाचे वायू तेथे शिरू नयेत यासाठी त्याच्या बाजूंवर पट्ट्या व कडी बसविलेली असतात. परंतु हा बंदोबस्त कितीही चोख असला तरी थोडा वायू निसटतोच. दट्ट्याच्या इंजिनात दट्ट्या खाली येताना तळची हवाही ढकलतो, त्यामुळे तेथील दाबाला हिसके बसतात. येथे आतल्या पोकळीचे आकारमान बदलत नसल्याने हा उपद्रव नाही. उरतो तो निसटलेल्या वायूचा संथ दाब, आणि त्यासोबत मिनिटास 6000 फेऱ्यांच्या वेगाने घुसळलेल्या तेलाचे तुषार.

मोटारीत ही वाफ पुन्हा इंजिनाच्या श्वासमार्गात ओढून घेतली जाते. विमानात ती बहुधा नळीवाटे बाहेर सोडतात. मात्र एक किलो पेट्रोल जळताना सुमारे 1.4 किलो पाणी निर्माण होते, त्यातले काही निसटलेल्या वायूबरोबर नळीत येते, आणि दर किलोमीटर उंचीस हवेचे तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरत असल्यामुळे नळीच्या उघड्या तोंडाशी त्याचे बर्फ जमू शकते. मग कोंडलेला दाब सर्वांत दुबळे ऑइल सील फोडून वाट काढतो, आणि ज्या इंजिनाचा रोटरच तेलाने थंड होतो, त्याला तेल गमावणे फार महागात पडते.

यावरची तजवीज साधी आहे: नळी पुरेशी रुंद असावी, पाणी साचेल असा झोळ तिला कोठे नसावा, तिचे तोंड तप्त धुराड्यापासून दूर असावे, आणि इंजिनाच्या आवरणाखालील उबदार भागात तिला एक जादा भोक ठेवावे, म्हणजे बाहेरचे तोंड गोठले तरी उच्छ्वास चालू राहतो. तेल अलग करणारी बाटली वाटेत जोडली म्हणजे विमानाचे पोटही स्वच्छ राहते. मात्र त्या बाटलीत पाणीही साचते, म्हणून तिच्यातील ऐवज मुकाट्याने इंजिनात परत ओतणे हितावह नव्हे.

सरकारी दप्तर अशा विमानास प्रायोगिक वर्गात दाखला देते खरे, परंतु कारखान्याच्या विमानासोबत येणारा नळीचा सिद्ध नकाशा येथे नसल्याने जबाबदारी बांधणाऱ्याच्या शिरावर राहते. प्रथमोड्डाणापूर्वी जमिनीवर इंजिन भरवेगाने चालवून आतील दाब मोजावा, आणि पुढे प्रत्येक उड्डाणानंतर बाटलीत जमलेल्या तेलाची नोंद ठेवावी. कारण ते प्रमाण हळूहळू वाढू लागले, तर पट्ट्या झिजत असल्याची वर्दी इंजिन बंद पडण्याच्या पुष्कळ आधी मिळू शकते.