बावीस अक्षरं, आठ मात्रा

देहूतून प्रस्थान झाल्यावर दुसऱ्या दिवशी तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते. निगडीपासून जुना मुंबई-पुणे रस्ता दिंड्यांनी भरून जातो. विणेकरी चरण धरतो, टाळकरी तो उचलतात आणि पखवाजाच्या ठेक्यावर पावलं पडत राहतात. कुणाकुणाच्या हातात भजनी मालिका असते. बहुतेकांना सगळं पाठ असतं.

हे पाठांतर सोपं होतं ते अभंगाच्या बांधणीमुळे. मोठ्या अभंगाच्या एका कडव्यात पहिले तीन चरण ६-६ अक्षरांचे आणि शेवटचा ४ अक्षरांचा, म्हणून तो साडेतीन चरणी. एकूण अक्षरं २२. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाच्या शेवटी. चाकणला पाळीवर निघालेल्या कामगारासाठी नमुन्यादाखल कडवं बांधलं तर ते असं होईल:

पहिल्या पाळीची । बस आली दारी ।
डबा खांद्यावरी । घेतो आम्ही ॥

जोडाक्षर एकच धरायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नाही. अक्षरगणवृत्तात तो कवीला सांभाळावा लागतो, इथे मात्र कुठलं अक्षर किती लांबवायचं हे गाणाऱ्याच्या हाती.

भजनी ठेका ८ मात्रांचा. एका आवर्तनात एक चरण अशी सरळ चाल असेल, तर सहा अक्षरांनंतर दोन मात्रा उरतात. त्या बहुधा शेवटच्या अक्षरावर जातात. ‘दारी’तला आणि ‘खांद्यावरी’तला ‘री’ लांबतो, यमक कानात ठसतं. ‘घेतो आम्ही’ला तर निम्मं आवर्तन मोकळं मिळतं. तिथे गाणाऱ्याला दम घेता येतो, पखवाजावरचा हात खुलतो आणि टाळकऱ्यांना पुढची उचल नेमकी कळते. रस्त्यावर, गर्दीत, चालता चालता एवढी सोय केवढी मोलाची!

इंद्रायणीत बुडवलेल्या तुकोबांच्या अभंगांच्या वह्या तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, ही देहूची श्रद्धा. लोकांच्या तोंडी अभंग होते म्हणून गाथा तरली, असंही सांगितलं जातं. चरण विसरला तरी यमक तो ओढून आणतं, हे भजनात बसणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं.

शेजारच्या मावळ-मुळशीत बायकांनी जात्यावर हीच किमया केली. तिथे ठेका जात्याच्या फेऱ्यांचा, त्यामुळे ओवीतली अक्षरं कमी-जास्त झाली तरी चालतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यांमधून अशा १ लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या.

भोसरी-चाकणकडे कामाला आलेला मराठवाड्यातला माणूस इथल्या भजनी मंडळात बसला, तर ओळखीचाच अभंग त्याच्या कानावर वेगळ्या चालीत पडू शकतो. दोन-चार आवर्तनांत त्याचं जुळून जातं. चाली मोजक्या असल्या तरी अडत नाही. एक चाल बसली की त्या मापाचा कुठलाही अभंग तीत म्हणता येतो, आणि गाथेत अभंग आहेत साडेचार हजारांच्या आसपास. अक्षर कमी पडलं तर मध्ये ‘हो’ घालायचा, जास्त झालं तर एका मात्रेत दोन अक्षरं म्हणायची.