नर्सिंग निदान म्हणजे काय? परिचारिकांना ते कागदी काम का वाटते?

पोटाचे ऑपरेशन झालेल्या रुग्णाच्या फाइलमध्ये डॉक्टरांचे निदान एक असते आणि सिस्टरच्या नोंदीत भलतेच लिहिलेले दिसते: ‘खोकता न आल्याने छातीत कफ साठणे’, ‘पडण्याचा धोका’, ‘वेदनेमुळे झोप न लागणे’. नवे आजार निघाले की काय, म्हणून नातेवाईक घाबरतात. तसे काही नसते. डॉक्टरांचे निदान आजाराचे नाव सांगते. त्या आजारामुळे या माणसाला काय अडते आहे किंवा पुढे काय अडू शकते, हे नर्सिंग निदान सांगते.

त्यात साधारणपणे त्रास, त्याचे कारण आणि दिसणारी लक्षणे लिहितात. धोका पुढचा असेल तर लक्षणे नसतात, फक्त कारणे लिहितात. कफाचेच बघा. टाके दुखतात म्हणून रुग्ण खोकत नाही आणि छाती घरघरते. कारण कळले की सिस्टर पोटावर उशी दाबून धरून खोकायला शिकवतात आणि वेदनाशामक गोळीची वेळ पाहून मगच व्यायाम घेतात. औषध तेच राहते, पण छातीत जंतुसंसर्ग होण्याची शक्यता कमी होते.

अशा निदानांची प्रमाण यादी करण्याचे काम अमेरिकेत 1973 च्या परिषदेपासून सुरू झाले. आपल्याकडेही ते नर्सिंगच्या अभ्यासक्रमात आहे.

तरीही वॉर्डात त्याबद्दल नाराजी ऐकू येते. उपयोग बहुतेक परिचारिकांना मान्य असतो. पण एका सिस्टरकडे खूप रुग्ण असले की निदान विचार करून लिहिण्याऐवजी फॉर्म भरण्यासाठी उतरवले जाते. यादीतली भाषा बोजड, आणि राउंडला ती पाने क्वचितच कोणी उलटतो. माझ्या मते आळसाचा आरोप इथे अन्यायाचा आहे. विचार त्या करतातच; रुग्ण कुशीवर वळवताना, चादर बदलताना. तो कागदावर मात्र येत नाही, आणि मग रात्रपाळीच्या सिस्टरपर्यंत पोहोचत नाही.

इथे नातेवाइकांची मदत होते. रात्री लघवीला उठताना तोल जातो, घरी मऊ भातच खातात, उजव्या कानाने ऐकू येत नाही, माकडहाडाजवळ लाली दिसते, हे सिस्टरना आपणहून सांगा. पाळी बदलल्यावर पुन्हा सांगा. घरी सोडताना ‘सिस्टर, यांच्या बाबतीत कशाची काळजी घेऊ?’ असे जरूर विचारा.