अल्बर्ट एलिस : घडण, मूल्ये, कार्यपद्धती

घडण : अमेरिकी मानसशास्त्रज्ञ. जन्म १९१३, पिट्सबर्ग, वाढ न्यूयॉर्कमध्ये. बालपणी मूत्रपिंडाच्या विकारामुळे वारंवार रुग्णालयात राहावे लागले. तरुणपणी मुलींशी बोलण्याची भीती वाटे. ती घालवण्यासाठी एकोणिसाव्या वर्षी त्यांनी ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जाऊन सुमारे शंभर अनोळखी स्त्रियांशी संवाद साधला. नकार मिळूनही आभाळ कोसळत नाही, हे त्यांना अनुभवातून पटले. १९४७ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून पीएच.डी. मिळवून ते आधी मनोविश्लेषणाकडे वळले. मात्र त्याची संथ गती खटकल्याने १९५५ मध्ये त्यांनी स्वतःची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली.

मूल्ये : माणसाच्या कृतीचे मूल्यमापन करावे, माणसाचे नव्हे. स्वतःचा, इतरांचा आणि परिस्थितीचा विनाअट स्वीकार हा त्यांच्या विचारांचा गाभा. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटसचा त्यांच्यावर खोल प्रभाव होता.

कार्यपद्धती : समजा, परीक्षेतील अपयश ही घटना, खचून जाणे हा परिणाम, मधला दुवा म्हणजे ‘मी यशस्वी झालोच पाहिजे’ हा हट्टी समज. उपचारक त्या समजाचा पुरावा मागतो, त्याला आव्हान देतो आणि ‘यश मिळाले तर उत्तम, पण न मिळाल्याने मी कवडीमोल ठरत नाही’ या विचाराचा सराव करून घेतो. गृहपाठही देतो. उदाहरणार्थ, लाज घालवण्यासाठी भरल्या गाडीत स्टेशनांची नावे मोठ्याने पुकारणे.

महाराष्ट्रात : मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी लेखन आणि प्रशिक्षणातून ही पद्धती मराठीत रुजवली.