समुद्राचा ताप मोजणारी तोशिको

समुद्राच्या तळाच्या गाळात खसखशीहूनही बारीक कवचं सापडतात. लाखो वर्षांपूर्वी समुद्र किती गार होता, पाऊस कधी रुसला होता, हे त्या कवचांवरून कळतं. ही लिपी वाचायला ज्यांनी शिकवलं त्यांच्यात एक नाव आहे तोशिको मायेदा हिचं. प्रयोगशाळेत ती लागली होती काचसामान धुवायला!

घरात कुणाला ताप आला की आपण थर्मामीटर लावतो. पण वीस हजार वर्षांपूर्वी समुद्राचं तापमान किती होतं, हे कसं सांगायचं? आपल्याकडचा हवामान विभाग सुरू झाला १८७५ मध्ये. त्याच्या मागची हजारो वर्षं आपल्याला कोऱ्या वहीसारखीच वाटतात. गंमत अशी की समुद्राने ही वही स्वतःच भरून ठेवली आहे. फक्त ती त्याच्या तळाशी आहे आणि तिचं अक्षर फारच बारीक आहे!

समुद्राच्या पाण्यात 'फोरामिनिफेरा' नावाचे एकपेशीय जीव राहतात. नाव जड आहे, पण जीव एवढासा. बहुतेकांचा आकार रव्याच्या कणाएवढा. काही पाण्याच्या वरच्या थरात तरंगतात, तर काही थेट तळाशी राहतात. यांतले बरेचसे स्वतःभोवती चुन्याचं नक्षीदार कवच बांधतात. जीव मेला की कवच तळाशी जाऊन पडतं. त्यावर गाळ बसतो, त्यावर आणखी कवचं पडतात. खोल समुद्रात हा थर हजार वर्षांत जेमतेम काही सेंटिमीटर वाढतो. म्हणजे जहाजावरून लांब नळी खुपसून दहा मीटर गाळ वर काढला, तर लाखो वर्षांचा इतिहास हाती येतो. वर आजचं पान, खाली पणजी-खापरपणजीच्याही कितीतरी आधीचं!

हलका आणि जड ऑक्सिजन

आता या कवचातून तापमान कसं कळतं? शाळेत आपण समस्थानिकं शिकलो होतो, आठवतं? एकाच मूलद्रव्याचे, पण वेगवेगळ्या वजनाचे अणू. ऑक्सिजनचे बहुतेक अणू १६ वजनाचे असतात. साधारण पाचशेत एखादा अणू १८ वजनाचा, म्हणजे थोडा जड निघतो. फोरामिनिफेरा कवच बांधतो तेव्हा त्यातला ऑक्सिजन भोवतालच्या पाण्यातूनच येतो. पाणी जितकं गार, तितका जड ऑक्सिजन कवचात थोडा जास्त बसतो. पाणी चार-एक अंशांनी गार झालं, तर फरक पडतो हजारात साधारण एक भाग. एवढा बारीक फरक मोजायचा, म्हणजे केवढी नजर आणि केवढा धीर हवा!

अशा मोजणीतून जुनं तापमान काढता येईल, ही कल्पना मांडली हॅरॉल्ड युरी यांनी. जड हायड्रोजनच्या शोधासाठी १९३४ चं नोबेल मिळवलेले हे शास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धानंतर शिकागो विद्यापीठात होते. कल्पना कागदावर सोपी होती, पण ती प्रत्यक्षात आणायला यंत्र हवं होतं आणि ते यंत्र सांभाळणारे हात हवे होते.

छावणीतून प्रयोगशाळेत

तोशिकोचा जन्म १९२३ मध्ये अमेरिकेतल्या टॅकोमा इथला. आईवडील जपानी. तिचं बालपण जपानमध्ये गेलं आणि पुढे ती अमेरिकेत परतली. १९४१ च्या डिसेंबरमध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अमेरिकेतल्या जपानी वंशाच्या माणसांवर आभाळच कोसळलं. सुमारे १ लाख २० हजार लोकांना घरंदारं, दुकानं, शेती सोडून काटेरी तारांच्या छावण्यांत जावं लागलं. त्यांच्यातले बहुतेक अमेरिकेचे नागरिक होते. गुन्हा काय, तर चेहरा आणि आडनाव! तोशिकोला कॅलिफोर्नियातल्या टूली लेक छावणीत पाठवण्यात आलं. ऐन शिकायच्या वयातली वर्षं तारेच्या कुंपणात गेली. हॅरी मायेदा हा तिचा जोडीदार तिला तिथेच भेटला.

युद्ध संपल्यावर ती शिकागोला आली. पुन्हा पुस्तकं हातात घेतली आणि १९४९ मध्ये रसायनशास्त्राची पदवी मिळवली. मग युरींच्या प्रयोगशाळेत नोकरी मिळाली. काम होतं काचसामान धुण्याचं. रसायनशास्त्राची पदवीधर मुलगी आणि हातात बाटल्या, नळ्या, चंबू! आपल्याकडे कुणीतरी नक्की म्हणालं असतं, 'एवढं शिकून शेवटी भांडीच घासायची होती, तर...'

पण या कामात स्वच्छता म्हणजेच अचूकपणा. नळीत आधीच्या नमुन्याचा अंश राहिला, तर हजारातल्या एका भागाचा हिशेब पार बिघडतो. काही काळातच तोशिकोच्या हाती प्रयोगशाळेचं सगळ्यात महत्त्वाचं यंत्र आलं, मास स्पेक्ट्रोमीटर. कवचावर आम्ल टाकलं की कार्बन डायऑक्साइड वायू निघतो. तो या यंत्रात सोडला की चुंबकाच्या ओढीने हलके कण जास्त वळतात, जड कण कमी वळतात आणि दोघांची वेगवेगळी मोजदाद होते.

वरण खारट का झालं?

इथे एक मोठी अडचण होती. समजा, वरण खारट लागलं. मीठ जास्त पडलं की उकळताना पाणी आटलं? चव तीच, कारणं दोन. कवचाचंही तसंच. त्यात जड ऑक्सिजन जास्त आढळला, तर पाणी गार होतं म्हणून, की मुळात त्या पाण्यातच जड ऑक्सिजन जास्त होता म्हणून? कवच वाचायचं तर आधी पाणी वाचता यायला हवं.

हे काम केलं सॅम्युएल एपस्टाइन आणि तोशिको मायेदा यांनी. पाण्याच्या नमुन्यात कार्बन डायऑक्साइड वायू मिसळून ठेवायचा. पाणी आणि वायू आपसात ऑक्सिजनची देवाणघेवाण करतात. मग तो वायू यंत्रात मोजला की पाण्याचं गुपित कळतं. समुद्राचं पाणी, नद्यांचं पाणी, बर्फ वितळून आलेलं पाणी, असे निरनिराळे नमुने त्यांनी तपासले. १९५३ मध्ये दोघांच्या नावाने निबंध प्रसिद्ध झाला.

त्यातून चित्र असं उभं राहिलं. धान्य पाखडताना फोल उडून जातं आणि जड दाणा सुपात राहतो ना, तसंच बाष्पीभवनात हलकं पाणी आधी उडतं. वाफेचा पाऊस होतो तेव्हा जड पाणी आधी खाली येतं. त्यामुळे ढग ध्रुवाकडे पोचेपर्यंत त्यात हलकंच पाणी उरलेलं असतं. म्हणून ध्रुवाकडचा बर्फ हलका, नद्यांचं गोडं पाणी समुद्रापेक्षा हलकं आणि मागे राहिलेला खारा समुद्र जड.

त्याच प्रयोगशाळेत चेझारे एमिलियानी हा तरुण इटालियन शास्त्रज्ञ समुद्रतळाच्या गाळातली कवचं तपासत होता. गाळ चाळणीवर धुवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या बारीक कुंचल्याने एकेक दाणा उचलायचा, एकाच जातीची कवचं बाजूला काढायची. त्या काळी एका मापाला शेकडो दाणे लागत. तांदूळ निवडताना डोळ्यांवर येणारा ताण आपल्याला ठाऊक आहे, इथे तर दाणाच दिसत नाही! १९५५ मध्ये एमिलियानींनी दाखवून दिलं की पृथ्वीवर थंडी-ऊब अशी आवर्तनं एकामागून एक येत गेली. तोवर पुस्तकांत चारच हिमयुगं सांगितलेली असत. पुढे एमिलियानी आणि तोशिको यांनी १९६१ मध्ये इटलीतल्या गाळथरांवर एकत्र निबंधही लिहिला.

एमिलियानींना वाटलं होतं की कवचातला बराचसा फरक तापमानाचा आहे. १९६७ मध्ये केंब्रिजच्या निक शॅकल्टन यांनी तळाशी राहणाऱ्या फोरामिनिफेरांकडे बोट दाखवलं. खोल समुद्राचं पाणी आधीच गोठायच्या बेताला आलेलं, ते आणखी किती गार होणार? तरी त्या कवचांतही जवळपास तेवढाच फरक होता. म्हणजे मोठा वाटा बर्फाचा! हिमयुगात हलकं पाणी बर्फ होऊन जमिनीवर अडकलं आणि समुद्र जड झाला. वीस हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर मीटरहून जास्त खाली होती. कवचांवरून तापमान तर कळलंच, पण पृथ्वीवर बर्फ किती होता तेही कळलं. वरणाच्या खारटपणात मिठाचा वाटा किती आणि आटलेल्या पाण्याचा किती, ते उमगलं म्हणायचं!

आपला समुद्र, आपला पाऊस

हे सगळं दूर देशीचं वाटतं ना? पण हिमयुगं का येतात याचा भक्कम पुरावा मिळाला तो हिंदी महासागराच्या दक्षिण भागातल्या गाळात. १९७६ मध्ये हेज, इम्ब्री आणि शॅकल्टन यांनी तिथल्या दोन नमुन्यांवरून सिद्ध केलं की सूर्याभोवती फिरताना पृथ्वीची कक्षा आणि आसाचा कल हळूहळू बदलतो, त्याच तालावर हिमयुगं येतात-जातात.

आणि आपला मान्सून? २००३ मध्ये एका संशोधक गटाने सिंधू नदीच्या मुखाबाहेरच्या गाळातली कवचं तपासली. नदीचं गोडं पाणी हलकं, म्हणजे नदीला भरपूर पाणी आलं की कवचंही हलकी होणार. सुमारे ४२०० वर्षांपूर्वीच्या थरात कवचं एकदम जड झालेली दिसली. नदीचं पाणी घटलं होतं. हडप्पा संस्कृतीची मोठी शहरं ओस पडू लागली तोही साधारण हाच काळ. शहरं ओस पडण्याची कारणं अनेक असतील, अभ्यासकांत वादही आहेत. पण पाऊस हटला की चूल कशी मंदावते, हे मराठवाड्यातल्या, माणदेशातल्या बाईला कुणी वेगळं सांगायला नको. डोक्यावर हंडा घेऊन निघालेली बाई त्या काळीही असणारच.

हा अभ्यास आपल्या शेजारी, गोव्यातही चालतो. दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत फोरामिनिफेरांवरून जुन्या मान्सूनचा माग काढला जातो. २०१५ मध्ये 'जॉइडेस रेझोल्यूशन' या जहाजाने अरबी समुद्राच्या तळाला खोल छिद्रं पाडून गाळ वर काढला. मान्सूनचा लाखो वर्षांचा इतिहास शोधण्याच्या त्या मोहिमेच्या दोन प्रमुखांपैकी एक, धनंजय पांडे, गोव्यातल्याच ध्रुवीय संशोधन केंद्राचे होते.

हे आत्ता कशाला हवं, असं कुणी विचारेल. हवेतला कार्बन डायऑक्साइड कारखानदारीच्या आधी दहा लाखांत २८० भाग होता, आज तो ४२० च्या वर गेला आहे. समुद्र तापतोय. अशा वेळी पाऊस कसा वागेल, याचा अंदाज संगणकाकडून घेतला जातो. त्या संगणकाचं गणित बरोबर की चूक, हे पडताळायला जुना अनुभव लागतो. पूर्वी हवा तापली तेव्हा काय झालं होतं, याची साक्ष ही कवचं देतात. धरणं किती मोठी बांधायची, कोणतं पीक घ्यायचं, किनाऱ्यावरची वस्ती कुठवर असावी, या निर्णयांना त्या साक्षीचा आधार मिळतो.

१९५८ मध्ये युरी शिकागो सोडून गेले, तोशिको मात्र तिथेच राहिली. रॉबर्ट क्लेटन यांच्याबरोबर तिने उल्कांमधला ऑक्सिजन मोजला, चंद्रावरून आणलेले दगडही मोजले. हातात फक्त ती १९४९ ची पदवी होती, पण कित्येक शोधनिबंधांवर तिचं नाव आहे. २००४ मध्ये ती गेली. पाणी मोजायची तिची आणि एपस्टाइन यांची पद्धत आजही प्रयोगशाळांत वापरली जाते.

तेव्हा मैत्रिणींनो, आपली बी.एस्सी. झालेली लेक, भाची किंवा सून एखाद्या प्रयोगशाळेत नमुने धुवायच्या, मोजायच्या कामाला लागली, तर 'एवढंच का?' असं विचारू नका. आज काय मोजलंस, ते विचारा. आणि पुढच्या निबंधावर तिचं नाव येणार आहे की नाही, हेही विचारायला सांगा.