बृहन्नडा परत कधी येणार?

नाशिकहून आग्रा रस्त्याने निघाले म्हणजे तास-दीड तासात डोंगरांची एक रांग अशी आडवी येते, की रस्ता आता संपलाच असे वाटावे. त्या डोंगराच्या कुशीत चांदवड. वर रेणुकामातेचे देऊळ, खाली गावात अहिल्याबाई होळकरांच्या काळचा रंगमहाल. ज्या गावात रंगमहाल आहे त्या गावाला नाचगाण्याचे वावडे कसे असेल? आमच्या लहानपणी यात्रेत तमाशाचा फड उतरला, की घरातली वडील माणसे तोंडाने नाके मुरडीत आणि पायाने तंबूकडे चालू लागत.

पण आज सांगायची आहे ती गोष्ट तंबूतली नव्हे, दूरदर्शनवरची.

2 ऑक्टोबर 1988 ला बी. आर. चोप्रांचे 'महाभारत' सुरू झाले आणि 24 जून 1990 ला संपले. 94 भाग. रविवारी सकाळी नऊच्या ठोक्याला गाव असे रिकामे होई, की वेशीवरच्या कुत्र्यांनाही चुकल्यासारखे वाटत असावे. आमच्या आळीत संच एकच, आत्याच्या घरी. काळा-पांढरा. छपरावरची एरियल वाऱ्याने फिरली, की द्रौपदीला चार डोके आणि भीमाला एकही नाही अशी अवस्था होई. मग एक पोरगा कौलांवर आणि खालून पंधरा जणांचा ओरडा, "आली, आली! गेली, गेली!" बायका भाजी निवडायला घेऊन येत आणि निवडलेली व न निवडलेली एकत्र करून परत नेत.

द्यूत झाले, वस्त्रहरण झाले, वनवास झाला. इतके महिने सगळे डोळे पुसत होते. आणि मग अज्ञातवासाचे वर्ष आले आणि एकदम हवा पालटली. विराटाचा राजवाडा, नृत्यशाळा, घुंगरू, मृदंग. उत्तरेच्या वेषात आपली वर्षा उसगांवकर. आणि तिला नाच शिकवायला बृहन्नडा! ज्याच्या गांडीवाचा टणत्कार ऐकून आम्ही पोरे दारामागच्या काठ्या ताणीत होतो तोच अर्जुन वेणी घालून, बांगड्या भरून, ठुमकत उभा. आत्याच्या घरात जो हशा पिकला तो आजही माझ्या कानात आहे. भाजीची परात उपडी झाली.

हसले नाही ते एक मूल. आमच्याच आळीतला दहा-अकरा वर्षांचा मुलगा. नाव सांगत नाही, ते त्याचे आहे, माझे नव्हे. तो पुढे सरकून, गुडघे छातीशी घेऊन पाहत होता. शाळेत त्याला चालण्यावरून चिडवीत, बोलताना हात हलतो म्हणून चिडवीत. त्या दिवसापासून आळीला नवा खेळ सापडला. "ए, बृहन्नडा करून दाखव!" म्हटले, की तो दाखवी. आणि गंमत अशी, की तो फार सुरेख करी. हसायला जमलेली माणसे अर्ध्या मिनिटाने गप्प होऊन पाहत राहत आणि मग आपण गप्प झालो हे ध्यानात येऊन पुन्हा मोठ्याने हसत.

पुढे उत्तराचा रथ निघाला, शमीच्या झाडावरून शस्त्रे उतरली, अर्जुन पुन्हा अर्जुन झाला. टाळ्या पडल्या. तेव्हा हे पोर आत्याला विचारते, "काकू, बृहन्नडा परत कधी येणार?"

"अरे वेड्या, तो अर्जुनच की!" आत्या म्हणाली. "सोंग होते ते. संपले."

पोराचे समाधान झाले नाही. खरे सांगायचे तर आता माझेही होत नाही.

त्या प्रश्नापायी मी पुष्कळ वर्षांनी विराटपर्व वाचायला घेतले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्यातले हे पर्व डॉ. रघुवीरांनी संपादिले आणि ते 1936 मध्ये निघाले. आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट अशी, की उर्वशीने शाप दिला, इंद्राने त्याची मुदत एका वर्षावर आणली आणि तो शाप अज्ञातवासात उपयोगी पडला. पण भांडारकरांच्या पंडितांनी जुन्या पोथ्या ताडून पाहिल्या तेव्हा उर्वशीची ती कथा मूळ संहितेत बसेना. तिला परिशिष्टात जागा मिळाली. म्हणजे राहिले काय? भाऊ विचारतो, "तू कोणता वेष घेशील?" आणि अर्जुन आपण होऊन सांगतो, की मी स्त्रीही नव्हे आणि पुरुषही नव्हे असा होऊन राहीन, धनुष्याच्या दोरीचे घट्टे बांगड्यांनी झाकीन, वेणी घालीन, नाचगाणे शिकवीन. कुणी लादलेले नाही. दुसरा एखादा आचारी झाला, कुणी घोडे राखायला गेला, तसा हा हे झाला. विराटाने पारख करून घेतली, खात्री पटली, तेव्हाच अंतःपुराचे दार उघडले.

आणि विनोद! माझी समजूत अशी होती, की हसे करण्याचे काम दूरदर्शनवाल्यांनी केले. पण व्यासांनी ते आधीच, आणि किती जाणून केले आहे! युद्धाला निघायची घाई उडाली आहे, उत्तराला सारथी हवा, आणि बृहन्नडा चिलखत उलटेपालटे करून अंगात घालू पाहते. मुली खदखदून हसतात. तिला ते घालता येत नव्हते थोडेच! तिने हसवायचे म्हणून हसवले. मग उत्तरा आणि तिच्या मैत्रिणी काय सांगतात? कौरवांना जिंकाल तेव्हा आमच्या बाहुल्यांसाठी त्यांची रंगीत तलम वस्त्रे घेऊन या. भीष्म-द्रोण समोर उभे आहेत आणि इथे बाहुलीच्या लुगड्याची चिंता! पुढे उत्तर भिऊन रथातून उडी टाकून पळतो आणि त्याच्यामागे बृहन्नडा धावते, वेणी उडते आहे, तांबडी वस्त्रे फडफडताहेत. ते पाहून कौरवांकडचे सैनिक हसतात. या प्राण्यात काही पुरुषाचे आहे, काही बाईचे, असे ते आपसात बोलतात. थोड्याच वेळात त्याच हसणाऱ्यांची सेना पडते. आणि बृहन्नडा बाहुल्यांची वस्त्रे विसरत नाही. निश्चेष्ट पडलेल्या महारथ्यांची वस्त्रे उत्तराकडून काढून घेववते आणि घरी नेऊन मुलींना देते.

मला वाटते, साऱ्या महाभारतात इतका हलका, इतका गाणारा भाग दुसरा नाही. मराठी रंगभूमीलाही ही विराटनगरी जुनी ओळखीची. खाडिलकरांनी 1907 मध्ये 'कीचकवध' रंगभूमीवर आणले आणि सरकारला त्यातल्या कीचकात लॉर्ड कर्झन दिसला. 1910 मध्ये बंदी आली. तिथे सोंगाच्या आड राग होता. इथे सोंगाच्या आड काय आहे, ते ज्याने त्याने पाहावे.

आता तंबूकडे वळू, कारण बृहन्नडेची धाकटी बहीण तिथे आहे. तमाशाचा क्रम वाचकांना सांगायला नको: गण, गवळण, बतावणी आणि मग वग. गवळणीत गौळणी मथुरेच्या बाजाराला निघतात, वाटेत कृष्ण आणि पेंद्या अडवतात, आणि गौळणींची पुढारीण असते मावशी. लुगडे नेसलेला पुरुष. तिची जीभ अशी, की देवालाही सोडत नाही. सगळा तंबू तिच्यासाठी ताटकळतो. पण गवळण संपली, राजा-प्रधानाचा वग उभा राहिला, की मावशीचे काम संपते. जिथे राज्ये जातात, माणसे मरतात, प्रेमे जुळतात, तिथे तिला जागा नाही. ती गाण्यापुरती. माझ्या मते आपल्याकडची सारी गोम या एका क्रमात आहे. बाईच्या वळणाच्या पुरुषाला, पुरुषाच्या अंगातल्या बाईला आम्ही कधीच हाकलले नाही. फक्त गोष्ट सुरू होईपर्यंतच ठेवून घेतले.

यावर कुणी बालगंधर्वांचे नाव घेईल. बरोबर आहे. नारायण श्रीपाद राजहंसांनी नेसलेल्या लुगड्याची तऱ्हा घरंदाज बायका उचलीत. पण बालगंधर्व रंगभूमीवर पूर्ण बाई होत. शंकेला जागाच नाही, म्हणून भीतीही नाही. नाच्या हा मधला. मराठी तमाशापटांतून हा नाच्या ज्यांनी घरोघर पोहोचवला ते कोल्हापूरचे गणपत पाटील. बायको-मुलांचा संसारी माणूस. पण पडद्यावरची कंबर लोकांनी इतकी खरी मानली, की रस्त्यावर, सोयरिकीच्या बैठकीत, मुलाबाळांच्या वाट्याला कुजबूज आली. 2008 मध्ये ते गेले. अर्जुनाला निदान वर्ष संपल्यावर वेणी सोडता आली. या नटाची वेणी प्रेक्षकांनी सोडूच दिली नाही. आणि त्या कुजबुजीत अन्याय एकट्या गणपत पाटलांवर नव्हता. 'तो तसला आहे' ही जर शिवी ठरते, तर जो खरोखर तसा आहे त्याने कुठे जावे?

हा प्रश्न मराठी चित्रपटाने जरा उशिराच हाती घेतला. आनंद यादवांची 'नटरंग' कादंबरी 1980 ची. रवी जाधवांचा चित्रपट 2010 च्या पहिल्या दिवशी आला. पिळदार अंगाचा गुणा कागलकर, राजा व्हायचे म्हणून फड काढतो आणि नाच्या मिळेना म्हणून स्वतःच नाच्या होतो. अतुल कुलकर्णींनी आधी अंग कमावले, मग गाळले. गुणाची बायको, मूल, गाव, सारे सुटते. इथे प्रथमच गवळणीतला माणूस वगाचा नायक झाला. याच रवी जाधवांनी पुढे 'बालगंधर्व' केला आणि 2023 मध्ये श्रीगौरी सावंत यांच्या आयुष्यावर 'ताली' ही मालिका. पुण्यात मुलगा म्हणून जन्मलेल्या, मुंबईत तृतीयपंथीयांसाठी काम उभे करणाऱ्या गौरीताई त्या खटल्याच्या अर्जदारांपैकी एक, ज्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी दिला आणि तृतीयपंथी ही ओळख कायद्याने मान्य झाली. मालिकेत गौरी झाली सुष्मिता सेन. काम चोख. तरी मनात येते, नाच्याचे काम पुरुषाने केले, गौरीचे काम बाईने केले. मधल्या माणसाने आपलेच काम केले असते तर बिघडले असते काय? असो. टाळी वाजवायची तर दोन्ही हातांनी वाजवावी.

नव्या 'महाभारता'त, म्हणजे 2013 सालच्या, शाहीर शेखची बृहन्नडा रंगीत आणि झगमगीत होती. शिखंडिनीच्या कामाला शिखा सिंग ही नटी घेतली होती. पण जुन्याची गोडी जुन्याला. 2020 च्या टाळेबंदीत दूरदर्शनने चोप्रांचे महाभारत पुन्हा दाखवले तेव्हा मी चांदवडला अडकलो होतो. आत्या ऐंशीच्या पुढे गेलेली. संच आता रंगीत, कौलांवर चढायला कुणी नको. विराटनगरीचा भाग लागला. मी हशाची वाट पाहत होतो. आत्या हसली नाही. चष्मा पुसून म्हणाली, "तो पोरगा रे, किती छान करायचा. कुठे असतो?"

मुंबईला असतो, एवढेच मला ठाऊक होते. सोळाव्या वर्षी घर सोडले. घरच्यांनी शोध केला की नाही याविषयी आळीत दोन मते आहेत.

टाळेबंदी उठल्यानंतरच्या एका नवरात्रात आत्याला रेणुकेच्या दर्शनाला नेले होते. ती थांबत थांबत पायऱ्या चढत होती. मागून एक हिरव्या साडीतली बाई भराभर आली, उंच, कपाळभर कुंकू, बरोबर तिच्यासारख्याच आणखी दोघी. पुढे गेली, थबकली, चार पायऱ्या उतरून परत आली आणि वाकून आत्याच्या पाया पडली. आत्याने चेहरा नीट पाहिला. नमस्कार करताना तो हात जसा वळला होता, त्यावरून मी ओळखले. आत्याने कशावरून ओळखले कोण जाणे.

"किती वर्षांनी गं!" आत्या म्हणाली आणि पदराने पायरी झाडून तिला शेजारी बसायला जागा करून दिली. "बस जरा. जेवलीस का?"